अधूनमधून रुसणारा एसी: आखाती उन्हाळ्यात गाडीतील दोष कसा ओळखावा?

आखाती देशांत जून ते सप्टेंबर या काळात दुपारचे तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या तीन महिन्यांत दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत थेट उन्हात काम करून घेण्यास सरकारी मनाई असते, यावरून या उन्हाची कल्पना यावी. अशा हवेत गाडीतील वातानुकूलन ही चैन उरत नाही. मुंबई-पुण्यात एसी बिघडला तर काचा खाली करून घर गाठता येते. दुबईहून शारजाकडे परतताना संध्याकाळच्या कोंडीत काचा खाली केल्या, तर आत येते ती भट्टीची झळ.

एसी पूर्णपणे बंद पडला तर निर्णय सोपा असतो. गाडी थेट गॅरेजमध्ये जाते आणि दोषही बहुधा लवकर सापडतो. खरी पंचाईत करतो तो कधी गार तर कधी गरम हवा देणारा एसी. दवाखान्याच्या पायरीवर दाढदुखी थांबावी, तसा तो गॅरेजच्या दारात नेमका उत्तम चालू लागतो. मेकॅनिक गेज लावतो, ‘गॅस थोडा कमी आहे’ म्हणतो, गॅस भरला जातो, आणि आठवडाभरात पुन्हा तीच रडकथा सुरू होते. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार.

वास्तविक अधूनमधून होणारा बिघाड क्वचितच लहरी असतो. त्याला वेळ असते, वेग असतो, उष्णतेची एक पातळी असते. गारवा नेमका केव्हा जातो आणि केव्हा परत येतो, यातच दोषाचा पत्ता दडलेला असतो. हा पुरावा गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीत दिसत नाही. तो दिसतो रोज ती गाडी चालवणाऱ्याला. म्हणूनच निदानाचा पहिला अर्धा भाग मालकानेच करायचा असतो.

यंत्रणा चालते कशी?

एसी गारवा निर्माण करीत नाही, तो गाडीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. हे काम बंद नळ्यांतून फिरणारा शीतक वायू करतो. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, त्यामुळे त्याचा दाब आणि तापमान दोन्ही वाढतात. गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि द्रवरूप होतो. पुढे ड्रायर त्यातील ओलावा शोषून घेतो. नंतर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डच्या आत दडलेल्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळू लागतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो गाडीतील हवेकडून घेतो. ब्लोअर तीच थंड झालेली हवा आपल्याकडे ढकलतो.

बहुसंख्य जुन्या गाड्यांत आर-१३४ए हा वायू असतो. साध्या वातावरणीय दाबाखाली तो उणे २६ अंशांना उकळतो. चालत्या एसीत कूलिंग कॉइलमधील दाब सुमारे २ बार राखला जातो, कारण त्या दाबाला हा वायू शून्य अंशाच्या आसपास उकळतो. दाब याहून फार खाली गेला तर कॉइलवर बर्फ धरतो, फार वर गेला तर गारवा कमी होतो. या तारेवरच्या कसरतीसाठी यंत्रणेत दाब मोजणारे स्विच, तापमान मोजणारे सेन्सर आणि कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा क्लच असतो. अधूनमधून दिसणारे बहुतेक दोष या साखळीतील एखाद्या कडीने मध्येच माघार घेतल्याने होतात.

पहिला प्रश्न: गारवा गेला की वारा गेला?

गारवा नाहीसा होताच सर्वप्रथम हात झरोक्यासमोर धरावा. हवेचा झोत पूर्वीइतकाच जोरकस असून फक्त गरम झाला आहे, की झोतच मंदावला आहे? या एका प्रश्नाने शक्यतांची यादी निम्मी होते.

झोत हळूहळू कमी होत गेला, ब्लोअरचा आवाज मात्र तसाच राहिला, तर कूलिंग कॉइलवर बर्फ साचल्याची शक्यता सर्वाधिक असते. ऑगस्टमधील दमट रात्री, लांबच्या प्रवासात, तासाभराने हा अनुभव येतो. एसी बंद करून फक्त पंखा चालू ठेवला, तर दहा-पंधरा मिनिटांत बर्फ वितळतो, गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी ठिबकते आणि झोत पूर्ववत होतो. त्याची दोन कारणे प्रामुख्याने आढळतात. कॉइलचे तापमान पाहून कॉम्प्रेसरला वेळेवर थांबवणारा सेन्सर बिघडलेला असतो, किंवा धुळीने केबिन फिल्टर इतका कोंदलेला असतो की कॉइलवरून पुरेशी हवाच जात नाही. वाळूच्या वादळांच्या प्रदेशात दुसरे कारण आधी तपासावे. फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो, तो काढून पाहायला पाच मिनिटे लागतात आणि नवा फिल्टर स्वस्तात मिळतो.

झोत जोरात आहे, पण गरम आहे, असे असेल तर पुढील लक्षणांकडे वळावे.

सिग्नलला गरम, महामार्गावर गार

हे लक्षण ओळखायला सर्वांत सोपे. शेख झायेद रोडवर गाडी धावत असताना एसी उत्तम चालतो. रांगेत अडकताच हवा कोमट होते आणि वाहतूक सुटताच पुन्हा गार. याचा अर्थ कंडेन्सरला आपली उष्णता बाहेर टाकता येत नाही. धावत्या गाडीत समोरून येणारा वारा त्याला थंड करतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचे असते. पंख्याची मोटर अशक्त झाली, त्याचा रिले चिकटला किंवा दोनपैकी एकच पंखा फिरत असला, की उच्च बाजूचा दाब झपाट्याने चढतो. भर उन्हात तो एरवीही १५ ते २० बारपर्यंत असतो. तो ३० बारच्या आसपास पोहोचला की सुरक्षा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. दाब उतरला की पुन्हा चालू करतो.

पंखा शाबूत असूनही हे लक्षण दिसत असेल तर कंडेन्सरच्या बारीक जाळीत धूळ, किडे आणि प्लास्टिकचे तुकडे अडकले आहेत का, ते पाहावे. ती साध्या पाण्याच्या सौम्य धारेने धुता येते. दाबाच्या फवाऱ्याने तिची नाजूक पाती वाकतात. आणखी एक कारण मालकाच्या ध्यानी येत नाही, ते म्हणजे गरजेपेक्षा जास्त भरलेला गॅस. ‘थोडा जास्तच घाला’ या आग्रहाने गारवा वाढत नाही. उलट दाब वाढून कॉम्प्रेसर वारंवार थांबतो.

आधी गार, इंजिन तापल्यावर गरम

सकाळी कार्यालयाला जाताना एसी निर्दोष असतो. दुपारी, किंवा अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर, गारवा एकाएकी जातो. गाडी तासभर सावलीत थांबली की सर्व काही पुन्हा सुरळीत. अशा वेळी संशयाची सुई प्रथम कॉम्प्रेसरच्या क्लचकडे वळते.

क्लच म्हणजे एक विद्युतचुंबक. बेल्टने फिरणारी पुली सतत फिरत असते. चुंबकाने पुढची चकती ओढून पुलीला चिकटवली की कॉम्प्रेसर फिरू लागतो. चकती आणि पुली यांच्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट असते. वर्षानुवर्षांच्या घासण्याने ती वाढते. त्यातच चुंबकाची तांब्याची तार तापली की तिचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. म्हणजे तार ६० अंशांनी तापली, तर रोध जवळपास पाव हिश्शाने चढतो आणि चुंबकाची ओढ त्या मानाने घटते. थंड असताना ती वाढलेली फट ओलांडू शकणारा चुंबक गरम झाल्यावर तोकडा पडतो. अनेक कॉम्प्रेसरांत ही फट पातळ वॉशर काढून पुन्हा योग्य करता येते. मात्र हे निदान न झाल्याने चांगला कॉम्प्रेसर बदलला जाण्याचे प्रसंग घडतात.

याच लक्षणाचा दुसरा धनी रिले. त्याचे आतील संपर्क जळाले असतील किंवा डाख तडकला असेल, तर उष्णतेने आणि हादऱ्यांनी प्रवाह तुटतो व जुळतो. फ्यूजच्या पेटीत हुबेहूब त्याच क्रमांकाचा दुसरा रिले बहुधा असतो. दोघांची अदलाबदल करून दोन दिवस पाहणे हा बिनखर्चाचा प्रयोग आहे.

तिसरी शक्यता नळ्यांत शिरलेल्या ओलाव्याची. दुरुस्तीसाठी यंत्रणा उघडली, पण ड्रायर बदलला नाही आणि नळ्यांतील हवा पंपाने पुरेसा वेळ ओढून काढली नाही, तर ओलावा आत राहतो. एसी चालू झाल्यावर काही मिनिटांनी तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्राशी गोठतो आणि शीतकाचा मार्ग अडतो. काही वेळाने बर्फ वितळला की गारवा परततो. बाहेरचा झोत मात्र या संपूर्ण काळात जोरकस असतो. कॉइलवरील बर्फाहून हा प्रकार वेगळा ओळखण्याची खूण तीच. यावर उपाय एकच: गॅस यंत्राने काढून घेणे, ड्रायर बदलणे, किमान अर्धा ते पाऊण तास व्हॅक्यूम ओढणे आणि मग मोजून गॅस भरणे. व्हॅक्यूममध्ये पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होते, म्हणून या वेळात काटकसर चालत नाही.

भराभर चालू, भराभर बंद

बॉनेटमधून दर काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज येत असेल आणि गारवा येऊन-जाऊन असेल, तर मात्र गॅस खरोखरच कमी असण्याची शक्यता दाट आहे. कॉम्प्रेसर सुरू होताच कमी दाबाच्या बाजूचा उरलासुरला वायू ओढला जातो, दाब मर्यादेखाली येतो आणि स्विच त्याला थांबवतो. वायू पुन्हा जमला की चक्र नव्याने सुरू.

परंतु गॅस इंधनासारखा खर्च होत नाही. वर्षानुवर्षांत अगदी थोडी झिरप होते, हे खरे. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहेच. आखातातील कुटुंबांच्या बाबतीत तिचे एक खास कारण संभवते. जुलै-ऑगस्टच्या शालेय सुट्टीत कुटुंब मायदेशी जाते आणि गाडी सहा-सात आठवडे उभी राहते. कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीचे रबरी सील शीतकासोबत फिरणाऱ्या तेलाने ओले राहते. एसी चाललाच नाही तर ते कोरडे पडते आणि तेथून वायू झिरपू लागतो. गाडी मागे ठेवून जाताना विश्वासू परिचिताकडे किल्ली द्यावी आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन व एसी चालवण्यास सांगावे. बॅटरीचेही त्यात भले होते.

दोष नसलेली आणि वेगळ्याच घरची लक्षणे

लहान इंजिनाच्या गाडीत चढावर किंवा ओव्हरटेक करताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर काही सेकंद कॉम्प्रेसर मुद्दाम बंद केला जातो. इंजिन अति तापू लागले तरी गाडीचा संगणक प्रथम एसीचा बळी देतो. पहिली गोष्ट स्वाभाविक आहे. दुसरी मात्र रेडिएटर, कूलंट व थर्मोस्टॅट तपासण्याची सूचना आहे. गारवा जाताना तापमानाचा काटा वर सरकत असेल, तर एसीचा विचार नंतर करावा, आधी गाडी बाजूला घ्यावी.

चालकाच्या बाजूला गार आणि शेजारी गरम हवा येत असेल, किंवा डॅशबोर्डमधून टकटक ऐकू येत असेल, तर गरम व थंड हवा मिसळणारी झडप आणि तिची छोटी मोटर यांची तपासणी करावी. शीतक यंत्रणेचा येथे संबंध नसण्याची शक्यता मोठी असते. मात्र काही गाड्यांत गॅस कमी असतानाही दोन्ही बाजूंच्या गारव्यात फरक पडतो.

कॉम्प्रेसर फिरतो आहे का?

गारवा गेलेला असतानाच, सुरक्षित जागी गाडी थांबवून, बॉनेट उघडून एक निरीक्षण करता येते. पुलीच्या मधली चकती पुलीबरोबर फिरते आहे का? ती स्थिर असेल, तर प्रश्न क्लच, रिले, वायर, दाबाचे स्विच किंवा संगणकाची आज्ञा यांपैकी कशात तरी आहे. तेथे मेकॅनिकने क्लचच्या जोडणीवर व्होल्टमीटर लावला की दोन मिनिटांत उत्तर मिळते. वीज पोहोचत असूनही चकती ओढली जात नसेल तर क्लच दोषी, वीजच नसेल तर शोध मागे सरकतो. चकती फिरत असूनही हवा गरम असेल, तर ओलावा, व्हॉल्व्ह, झडप किंवा खुद्द कॉम्प्रेसर यांवर लक्ष द्यावे. हे पाहताना ओढणी, टाय, सैल बाह्या आणि बोटे बेल्टपासून दूर ठेवावीत. बंद असलेला पंखाही अचानक सुरू होऊ शकतो.

अनेक नव्या गाड्यांत क्लचच नसतो. कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतील नियंत्रक व्हॉल्व्ह त्याचे काम कमी-अधिक करतो. तेथे नुसत्या डोळ्यांनी निदान होत नाही, स्कॅनर आणि गेज लागतात. हायब्रिड व विजेवरील गाड्यांत कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो. नारिंगी रंगाच्या तारांना हात लावू नये आणि अशा गाडीत साध्या गाडीचे कॉम्प्रेसर तेल घालू देऊ नये.

गेजवरील आकडा आणि गॅसचे वजन

एसी बंद असताना गेज लावून ‘दाब ठीक आहे, म्हणजे गॅस पुरेसा आहे’ असे सांगितले जाते. हा निष्कर्ष चुकीचा आहे. बंद नळ्यांत शीतकाचा थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब केवळ तापमानावर ठरतो. ४० अंशांच्या हवेत आर-१३४एचा स्थिर दाब सुमारे ९ बार दिसेल, मग आत पूर्ण गॅस असो वा निम्मा. स्वयंपाकघरातील सिलिंडर किती उरला, हे जसे वजनावरून कळते, तसेच येथेही. लहान गाडीत साधारण ४०० ते ६०० ग्रॅम गॅस मावतो. मागे वेगळा एसी असलेल्या मोठ्या गाड्यांत एक किलोच्या आसपास वा त्याहूनही जास्त. नेमका आकडा आणि वायूचा प्रकार बॉनेटखालील चिठ्ठीवर छापलेला असतो. विश्वासार्ह पद्धत म्हणजे असलेला गॅस यंत्राने काढून तोलणे. तो चिठ्ठीपेक्षा बराच कमी भरला, तर आधी रंगद्रव्य, इलेक्ट्रॉनिक शोधक किंवा नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधावी. पूर्ण भरला, तर दोष गॅसचा नाहीच.

वायूच्या प्रकाराबाबतही दक्षता हवी. नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ वापरला जातो. पृथ्वीची उष्णता वाढवण्याची आर-१३४एची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक असल्याने युरोपीय संघाने २०१७पासून नव्या मोटारींत तो बंद केला. नवा वायू महाग आहे, म्हणून त्या जागी जुना भरून देण्याचा मोह काहींना होतो. तो मान्य करू नये. कोणताही शीतक हवेत सोडून देणे अयोग्यच. अंगावर उडाल्यास तो क्षणात कातडी गोठवतो. गळती बुजवण्याचा दावा करणारी रसायनेही टाळावीत, कारण ती बारीक छिद्रे कायमची तुंबवू शकतात.

गॅरेजला जाण्यापूर्वीची नोंद

आठवडाभर एक छोटी नोंद ठेवावी: गारवा गेला तेव्हाची वेळ, बाहेरचे तापमान, गाडी उभी होती की धावत होती, झोत जोरात होता की मंद, इंजिनाचा काटा कुठे होता आणि गारवा किती वेळाने परतला. मधल्या झरोक्यात साधा थर्मामीटर अडकवला तर ‘कमी गार’ या शब्दांऐवजी आकडे हाती येतात. शक्य असल्यास मोबाइलवर चित्रफीत घ्यावी, अर्थात शेजारी बसलेल्याने. शारजा इंडस्ट्रियल एरिया, अल कूझ किंवा अबूधाबीतील मुसफ्फा, गाडी कुठेही न्यावी, पण ‘एसी बघा’ एवढेच सांगू नये. ‘वीस मिनिटांनी चकती थांबते, झोत तसाच राहतो, तासाभराने पुन्हा चालते,’ असे सांगणाऱ्या ग्राहकाच्या गाडीत कारण न शोधता गॅस भरणे अवघड होते. जमल्यास लक्षण दिसत असतानाच, तापलेल्या इंजिनासह गाडी गॅरेजमध्ये पोहोचवावी आणि दुरुस्तीनंतर त्याच परिस्थितीत ती चालवून पाहावी.

दुरुस्ती होईपर्यंत एक पथ्य मात्र काटेकोर पाळावे. पूर्ण बंद पडलेल्या एसीवर कोणी विसंबत नाही, अधूनमधून चालणाऱ्यावर माणूस विसंबतो. ‘इंजिन आणि एसी चालू आहे, दोन मिनिटांत येतो,’ म्हणून लहान मुलाला किंवा वृद्ध आईवडिलांना गाडीत बसवून दुकानात जाणे कोणत्याही गाडीत धोक्याचे आहे. ज्या गाडीचा कॉम्प्रेसर विसाव्या मिनिटाला न सांगता थांबतो, तिच्यात तर ते जिवावर बेतू शकते. गाडीत पाणी असावे, लांबचा प्रवास पहाटे किंवा रात्री करावा आणि सोबतच्यांना आपल्याबरोबरच उतरवावे.